लाकडी लेखणीची कांती

टेबलावर दोन लेखण्या ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. दोन्ही एकाच शिसवाच्या तुकड्यातून, एकाच कारागिराने, एकाच दिवशी कातलेल्या. एकीच्या अंगावर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब गजांसकट उमटले आहे. दुसरीवर प्रतिबिंब असे नाहीच. खिडकीच्या बाजूला नुसता मवाळ उजेड पसरलेला आहे आणि जवळून पाहिले तर लाकडाची रंध्रे व हत्याराच्या बारीक वळ्याही दिसतात. दुकानात आलेला गिऱ्हाईक बहुधा पहिली उचलतो. "हिला पॉलिश केलेले आहे, ही टिकेल," असा त्याचा हिशेब असतो. दुसरा एखादा गिऱ्हाईक नेमके उलटे बोलतो. "ही खरी लाकडी, तिच्यावर प्लास्टिक चोपडलेले आहे," असे म्हणून तो दुसरी निवडतो. या दोन्ही मतांत एक समान चूक आहे. चकाकी आणि संरक्षण या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असे दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या कशा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. ज्या पृष्ठभागावर चकाकी नाही त्याला 'निस्तेज' म्हणावे असे कोशावरून वाटते. परंतु मराठीत निस्तेज असतो तो आजाऱ्याचा चेहरा. चांगल्या हाताने मुद्दाम साधलेल्या पृष्ठभागाला हा शब्द लावणे अन्यायाचे होईल. म्हणून येथे 'मंद कांती' असे म्हटले आहे. हत्याराच्या खुणा, शिरा किंवा सालीचा भागही जिच्यावर राखलेला असतो अशा घडणीला 'रांगडी' म्हणू. चकचकीत करण्याच्या क्रियेला आपल्याकडे 'जिल्हई देणे' हा जुना व नेमका शब्द आहेच.

आता प्रकाशाकडे वळू. कोणत्याही पारदर्शक लेपावर प्रकाश सरळ, म्हणजे लंब दिशेने पडला तर त्याच्या वरच्या पृष्ठावरून सुमारे ४ टक्केच प्रकाश परत फिरतो. लेपाचा वक्रीभवनांक १.५ च्या आसपास असला की हे प्रमाण ठरूनच जाते. आणि लाख, वाळणारी तेले व बहुतेक कृत्रिम राळा यांचा अंक त्याच्याच जवळपास असतो. म्हणजे चकचकीत लेखणी मंद कांतीच्या लेखणीपेक्षा फार जास्त प्रकाश परतवते असे नाही. फरक आहे तो परतलेला प्रकाश कोठे जातो यात. पृष्ठभाग सपाट असेल तर सर्व किरण एकाच शिस्तीने एकाच दिशेस जातात आणि डोळ्यास खिडकी दिसते. पृष्ठभागावर उंचवटे व खळगे असतील तर तेच किरण दहा दिशांना फाकतात आणि खिडकीचे गज नाहीसे होतात.

परंतु सपाट कशाला म्हणावयाचे? बोटाला गुळगुळीत लागणारे लाकूडही प्रकाशाच्या दृष्टीने डोंगराळ मुलुख असू शकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम येथे उपयोगी पडतो. लंब दिशेने पडणाऱ्या प्रकाशापुरता तो असा सांगता येईल: उंचवट्यांची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक अष्टमांशाहून कमी असेल तर पृष्ठभाग आरशासारखा वागतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. तिचा आठवा हिस्सा सुमारे ०.०७ मायक्रॉन होतो. आता काचकागदाकडे पाहा. ४०० अंकाच्या काचकागदावरील कणांचे माप सरासरी ३५ मायक्रॉन असते, ६०० अंकाच्या कागदावर सुमारे २६ आणि १२०० अंकाच्या कागदावर सुमारे १५. कण जेवढा मोठा तेवढा ओरखडा खोल नसतो, हे खरे. तरीही या कागदांनी ठेवलेले ओरखडे वरील मर्यादेच्या कितीतरी पट असतात. म्हणूनच नुसत्या काचकागदाने लाकूड आरसा होत नाही. शेवटचे काम खडू किंवा तत्सम सूक्ष्म भुकटीने, अकिकासारख्या गुळगुळीत दगडाने, नाहीतर वितळून स्वतःच सपाट होणाऱ्या लेपाने करावे लागते.

या नियमाला एक जोड आहे, आणि ती घरबसल्या पडताळून पाहता येते. प्रकाश जितका तिरपा पडेल तितके उंचवटे 'बुटके' भासतात. लंबापासून ८५ अंश कलून आलेल्या किरणाला सपाटपणाची मर्यादा सुमारे अकरा पट सैल होते. मंद कांतीचा एखादा लाकडी तुकडा डोळ्याच्या रेषेत आडवा धरून खिडकीच्या दिशेने पाहा. एरवी गप्प असलेला तो पृष्ठभाग एकदम चमकू लागेल. कांती मोजण्याच्या यंत्रांत याचाच उपयोग करतात. सर्वसाधारण पृष्ठभाग ६० अंशांच्या कोनातून मोजतात, अतिशय चकचकीत असेल तर २० अंशांतून आणि अगदी मंद असेल तर ८५ अंशांतून. मापाचा १०० हा अंक १.५६७ वक्रीभवनांकाच्या घोटीव काळ्या काचेवरून ठरविला आहे. गंमत अशी, की ६० अंशांत ही काच अवघा १० टक्के प्रकाश परतवते. तेव्हा 'शंभर अंकी चकाकी' याचा अर्थ शंभर टक्के परावर्तन असा कोणी करू नये.

एवढ्याने एक गोष्ट सिद्ध झाली. चकाकी ही लेपाच्या जाडीवर अवलंबून नाही. ती त्याच्या सर्वांत वरच्या, मायक्रॉनच्याही अंशाइतक्या थरावर ठरते.

लाकूड रंगाने गडद व 'खोल' दिसते त्याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि पुष्कळ कारागीरही या दोहोंची गल्लत करतात. लाकूड म्हणजे असंख्य पोकळ नलिकांची मोळी. सागाच्या मोठ्या नलिका तर नुसत्या डोळ्यांनी टाचणीच्या टोचांसारख्या दिसतात. कोरड्या लाकडात या नलिका हवेने भरलेल्या असतात. काष्ठद्रव्याचा वक्रीभवनांक सुमारे १.५ आणि हवेचा १. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश प्रत्येक भिंतीशी अडखळतो, विखुरतो आणि पांढुरका होऊन बाहेर येतो. नलिकांच्या तोंडाशी तेल किंवा लाख भरली की हे अडखळणे कमी होते, प्रकाश खोलवर जातो, रंगीत होऊन परततो. ओले कापड गडद दिसते तेही याच कारणाने. म्हणजे शिसवाच्या लेखणीला नुसते जवसाचे तेल लावून पुसून घेतले, तरी तिचा जांभळट तपकिरी रंग उमलून येतो. चकाकी मात्र येत नाही. तंतू वाकडेतिकडे असलेल्या लाकडात, लेखणी फिरविली असता जी सळसळती तिरीप दिसते तीही तंतूंच्या दिशेची किमया आहे. चकचकीत लेप तिला अधिक स्पष्ट करतो खरा, पण निर्माण करीत नाही.

आपल्या देशात लाकूड कातून त्यास जिल्हई देण्याची विद्या जुनी आहे, आणि तिचा पाया लाख हा आहे. केरिया लॅका या नावाचा सूक्ष्म कीटक पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहून जी राळ स्रवतो ती लाख. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश व पश्चिम बंगाल येथील रानांत ती गोळा होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधनसंस्था स्थापन झाली. तिचे नाव पुढे दोनदा बदलले, तरी काम चालू आहे. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण, आंध्रात एटिकोप्पाका, गुजरातेत संखेडा ही कातकामाची प्रसिद्ध ठिकाणे. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफांवरही लाखेचा लेप असतो.

चन्नपट्टणची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे काळ्या कुड्याचे मऊ, पांढरे व एकसारख्या पोताचे लाकूड वापरतात. ते चरकावर गरगर फिरत असताना कातारी रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. निराळी आच लागत नाही. घर्षणाच्याच उष्णतेने लाख वितळते आणि फिरत्या लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचे सुकविलेले पान त्यावर दाबतात. पानाच्या दाबाने व पुन्हा घर्षणाच्याच उष्णतेने लाख क्षणभर मऊ होते, तिचे उंचवटे खळग्यांत उतरतात आणि काचेसारखी सपाटी येते. संखेड्याला हेच काम अकिकाच्या दगडाने घोटून करतात. रॅलेचा नियम कोणी सांगण्यापूर्वीच या मंडळींनी तो हातांनी पाळला होता. आज हातघडणीच्या लेखण्या करणारे पुष्कळ लोक मद्यार्कात विरघळविलेली लाख, थोडे मेण व तेल यांचे मिश्रण चिंधीने फिरत्या लेखणीवर दाबतात. तत्त्व तेच.

लाखेचे गुण मोठे आहेत. ती हवेतील बाष्प चांगले अडवते, लाकडाला घट्ट धरते, तिचा वास त्रासदायक नसतो, खराब झालेला लेप पुन्हा सहज दुरुस्त करता येतो. परंतु लेखणी हे भांडे किंवा पाळणा नव्हे. ती तासन्‌तास घामट बोटांत राहते. लाखेवर पाणी साचून राहिले तर ती पांढुरकी पडते, सुमारे ६५ ते ८० अंश सेल्सियसला ती मऊ होते आणि मद्यार्कात तर विरघळतेच. या शेवटच्या गुणाचा धडा मला २०२० साली मिळाला. माझ्याजवळ लाखेची जिल्हई दिलेली एक लेखणी होती, भाषांतराच्या कामात रोजची सोबतीण. महामारीच्या त्या दिवसांत हाताला जंतुनाशक लावून, ते पुरते उडण्यापूर्वीच मी लिहावयास बसे. त्या द्रवात मद्यार्काचे प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांवर असते. पंधरा दिवसांत बोटे टेकतात तेथे लेखणी चिकट झाली, मग तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. कारागिराचा दोष काहीच नव्हता. चूक लेपाच्या निवडीतही नव्हती. जग एकाएकी बदलले होते.

लाखेऐवजी आता बरेच जण सायनोअॅक्रिलेट वापरतात. झटकन चिकटणारा डिंक म्हणून आपण ते ओळखतो. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांना ते युद्धसामग्रीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना गवसले आणि १९५८ साली डिंक म्हणून बाजारात आले. हवेतील किंचित ओलाव्याने ते क्षणात कठीण होते. त्याचे अनेक थर देऊन, उतरत्या मापाच्या कागदांनी पाण्याखाली घासून, काचेशी स्पर्धा करील अशी चकाकी आणता येते. मद्यार्काचा थेंबही ती सोसते. त्याच्या वाफा मात्र डोळ्यांना झोंबतात, तेव्हा वारा खेळत्या जागीच हे काम करावे. सौंदर्याच्या दृष्टीने माझे मत विचाराल तर, जाड थर दिलेली अशी लेखणी हाती घेतली की लाकूड काचेच्या पेटीत ठेवल्यासारखे वाटते.

आता रांगड्या घडणीकडे येऊ. 'काही न करणे म्हणजे रांगडे' असा एक समज आहे. तो खोटा आहे. कोऱ्या लाकडाची लेखणी महिनाभरात बोटांच्या मळाने काळवंडते, आणि तो मळ रंध्रांतून निघत नाही. चांगल्या रांगड्या लेखणीवरही लेप असतोच. तो पृष्ठावर थर धरून बसण्याऐवजी आत मुरलेला असतो. त्यासाठी वाळणारे तेल हवे. जवसाचे किंवा तुंगाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. खोबरेल तेल तसे होत नाही; ते कधीच वाळत नाही, धूळ धरते आणि कालांतराने खवट होते. घरोघरी लाकडी वस्तूंना खोबरेल चोळण्याची चाल आहे; लेखणीपुरती तरी ती सोडावी. तेल वाळल्यावर वरून मेण. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंशांना. आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्याचे थोडे मिश्रण असणे हिताचे.

रांगडेपणा आणण्याच्या वाटा अनेक. तारेच्या कुंच्याने घासले असता ऋतूच्या आरंभी वाढलेले मऊ लाकूड झिजते आणि नंतरचे कठीण लाकूड शिरांसारखे वर राहते. जपानात लाकडाचा पृष्ठभाग जाळून कोळसा करण्याची जुनी रीत आहे. ती मुळात घरांच्या भिंतींच्या फळ्यांसाठी होती, पण आता लहान वस्तूंवरही करतात. कोणी फांदीची साल तशीच राखतात. साल राखण्याचा मोह मात्र जपून करावा. साल आणि काष्ठ यांच्यामध्ये असलेला वाढीचा थर नाजूक असतो, लाकूड आकसले की साल तेथेच सुटते, आणि कीड लपावयासही तीच जागा सोयीची असते.

येथे बाजारातील एका युक्तीचा उल्लेख केला पाहिजे. मंद कांतीचे म्हणून जे रोगण विकत मिळते, त्यात बहुधा अत्यंत बारीक सिलिका मिसळलेली असते. रोगण वाळताना हे कण पृष्ठावर सूक्ष्म उंचवटे करतात आणि चकाकी मोडते. खालचा थर मात्र चकचकीत रोगणाइतकाच जाड, अखंड व कृत्रिम असतो. 'खरे लाकूड' म्हणून जो गिऱ्हाईक मंद कांतीची लेखणी घेतो, त्याच्या बोटांना लाकूड लागतच नाही. उलट, आबनुसासारखे घट्ट लाकूड लेपाशिवाय नुसते घोटले तरी डोळे दिपण्याइतके चमकते. तेव्हा चकाकी पाहून आत काय आहे हे ओळखता येत नाही.

मग संरक्षणाचे काय? लेखणीचा खरा शत्रू पावसाचा थेंब नव्हे; हवेचा बदल हा आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव सतत करीत असते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के ओलावा राहतो. ६५ टक्के असेल तर सुमारे १२. ९० टक्के असेल तर सुमारे २०. नागपुराकडची मे महिन्याची हवा आणि कोकणातील आषाढ यांत हे सर्व आकडे येऊन जातात. हिरवा साग पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतो. या हिशेबाने १२ मिलीमीटर जाडीचा सागाचा दांडा ८ वरून १६ टक्के ओलाव्यावर गेला तर एका दिशेस जवळजवळ ०.१८ मिलीमीटर फुगतो, दुसऱ्या दिशेस त्याच्या निम्म्याहूनही कमी. गोल दांडा किंचित अंडाकृती होतो! धातूच्या कड्याशी बेमालूम बसविलेल्या सांध्यात बोटाला पायरी लागू लागते. त्यात बहुतेक लेखण्यांच्या आत पितळी नळी चिकटवलेली असते. लाकूड आकसू पाहते, नळी आकसत नाही. मग पातळ लाकडाला चीर पडते. ओल्या ऋतूत कातलेली लेखणी कोरड्या गावी पाठविली की तिला चीर का जाते, याचे उत्तर हे आहे. गिऱ्हाईक मात्र ती परत करतो आणि नुकसान कारागिराच्या माथी येते.

कोणताही लेप ही देवघेव थांबवीत नाही. तो फक्त तिचा वेग कमी करतो. या बाबतीत लाखेचा अखंड थर जवसाच्या मुरलेल्या तेलापेक्षा कितीतरी सरस असतो, मग तो चकचकीत ठेवा वा वरून घासून मंद करा. ज्या थरावर चकाकी अवलंबून आहे तो घासला गेला तरी अडसर तसाच राहतो. आणखी एक बाब, जी दुकानात कोणालाच दिसत नाही: लाकूड ओलावा सर्वांत जलद घेते ते आडव्या छेदातून, म्हणजे नलिकांच्या उघड्या तोंडांतून. लेखणीची दोन्ही टोके धातूच्या कड्यांखाली झाकली जातात म्हणून तेथे पुष्कळदा लेपच दिलेला नसतो. बाहेरून आरसा आणि टोकांना उघडी तोंडे, अशी लेखणी सुरक्षित नव्हे. कड्या बसविण्यापूर्वी टोकांवर व भोकाच्या कडेवर लाखेचे दोन हात फिरविणे हे एका मिनिटाचे काम आहे. लाकूड महिनोन्‌महिने वाळविलेले असणे हे त्याहून महत्त्वाचे. त्याची उणीव कोणत्याही जिल्हईने भरून निघत नाही.

हाताला काय आवडते, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. 'गुळगुळीत ते निसरडे' ही समजूत पाहा. कोरड्या किंवा किंचित दमट बोटाची पकड गुळगुळीत पृष्ठावर बहुधा अधिकच असते, कारण मऊ झालेली त्वचा त्यावर पूर्ण टेकते आणि स्पर्शाचे खरे क्षेत्र वाढते. घाम वाढून पाण्याचा पापुद्रा तयार झाला म्हणजे मात्र पारडे फिरते. तेव्हा पाण्याला वाट देणाऱ्या वळ्या व खाचा उपयोगी पडतात. दमट किनाऱ्यावरच्या लेखकाला आणि थंड कोरड्या प्रदेशातील लेखकाला एकच लेखणी सारखीच पसंत पडेल असे नाही, ते यामुळे.

स्पर्शाची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. २०१३ साली स्टॉकहोम येथील संशोधकांनी दाखवून दिले, की अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग बोट फिरवून सपाट पृष्ठभागापासून वेगळा ओळखता येतो. प्रकाशालाही जे जवळजवळ सपाट ते बोटाला सपाट नाही. परंतु 'बोट फिरवून' हे शब्द ध्यानात ठेवावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्स यांनी १९२५ सालीच स्पर्शाचे दोन मार्ग असल्याचे मांडले होते: भरड पोत स्थिर बोटालाही कळते, बारीक पोत मात्र बोट सरकवून उठणाऱ्या कंपनांतूनच कळते. लिहिताना बोटे लेखणीवर सरकत नाहीत, ती टेकून राहतात. म्हणजे ज्या रेशमी मऊपणावर भाळून आपण लेखणी घेतो, तो लिहिताना जाणवण्याचा संभव कमी. जाणवतात त्या तिच्यावरील वळ्या, शिरा आणि एकंदर आकार. दुकानात आपण लेखणी कुरवाळतो, घरी आपण ती धरतो.

काळाच्या ओघात या दोन्ही लेखण्या एकमेकींकडे सरकतात, हेही सांगितले पाहिजे. चकचकीत लेखणीवर किल्ल्यांचे, नाण्यांचे, खिशातील धुळीचे ओरखडे पडतात आणि तिची चकाकी मोडते. काळ्या, गुळगुळीत पृष्ठावर ते अधिकच उठून दिसतात. मंद लेखणीचे उंचवटे बोटांनी झिजतात, त्वचेचे तेल त्यांत बसते आणि ती जेथे धरतो तेथे चमकू लागते. जात्याचा खुंटा, मुसळाचा मधला भाग, नांगराचे रुमणे यांना कोणी जिल्हई दिलेली नसते. तरी जुन्या घरांतील खुंटे आरशासारखे झालेले आपण पाहिले आहेत. एकीचे वय डाग म्हणून दिसते, दुसरीचे कांती म्हणून. माझा कल यामुळेच मंद कांतीकडे आहे. भेटीदाखल द्यावयाची, समारंभात सही करून पेटीत ठेवावयाची लेखणी असेल तर चकाकीला माझी हरकत नाही. रोज लिहावयाची असेल तर लाखेचे पातळ थर देऊन ते बारीक पोलादी लोकरीने मंद केलेले आणि वरून मेण चढविलेले मला बरे वाटते. जंतुनाशकाचा वापर फार असेल तेथे लाखेऐवजी तेल व मेण. तेलाची लेखणी वर्षातून एकदा पुन्हा तेल मागते, हे आधीच सांगून विकावी.

हे सर्व पडताळून पाहावयाचे असेल तर सागाची एक पट्टी घेऊन तिचे चार तुकडे करा. पहिला कोरा ठेवा. दुसऱ्यास जवसाचे उकळवलेले तेल लावून अर्ध्या तासाने पुसा आणि आठवडाभर वाळू द्या. तिसऱ्या व चौथ्यास मद्यार्कातील लाखेचे सारखेच चार थर द्या. मग चौथा पोलादी लोकरीने तंतूंच्या दिशेने हलक्या हाताने घासून मंद करा. प्रथम चारही खिडकीसमोर धरून प्रतिबिंब कोणात दिसते ते पाहा, नंतर डोळ्याच्या रेषेत आडवे धरून पुन्हा पाहा. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब ठेवून तो किती वेळाने मुरतो ते लिहून ठेवा. तिसरा व चौथा दिसण्यात इतके भिन्न असून येथे जवळजवळ सारखेच वागतील. शेवटी जंतुनाशकाचा एकेक थेंब टाका आणि दोन मिनिटांनी बोट लावून पाहा.

तेल पुसलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल प्राणवायू शोषताना उष्णता सोडते. चिंधीच्या गोळ्यात ती कोंडून राहते आणि काही तासांत चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या जागी दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्या, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवाव्या.